रेफरल क्लब काढायचाय? आधी एक वही घ्या
तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंटिरियरची कामं करता, सात वर्षं झाली, निम्म्याहून जास्त काम ओळखीतून येतं आणि जाहिरातीवर घातलेले पैसे काही वसूल होत नाहीत. म्हणून आसपासच्या पंधरा-वीस व्यावसायिकांना गोळा करून एकमेकांना काम मिळवून देणारा क्लब सुरू करावा, असं मनात आहे. मोठ्या संस्थेचं सभासद व्हावं की आपलं आपण काढावं, माणसं किती घ्यावीत, फी किती, नाव काय ठेवावं, आणि "सगळे घ्यायलाच आले, द्यायला कोणीच नाही, तर काय करायचं" हे तुम्ही विचारलंय.

मी छपाईच्या धंद्यात आहे. असे तीन क्लब उभे करण्यात माझा हात होता. पहिला अकरा महिन्यांत बंद पडला. दुसरा सहा वर्षं चालला. तिसरा मी बाहेर पडल्यानंतरही चालू आहे, आणि मला खरा अभिमान त्याचाच आहे. पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं मात्र पहिल्या, बुडालेल्या क्लबने शिकवलेलं आहे.

रेफरल म्हणजे काय हे आधी पक्कं करू, कारण बाकीचे सगळे नियम त्यातूनच निघतात. आपल्याकडे यासाठी फार चांगला शब्दप्रयोग आहे: शब्द टाकणं. "तुमच्यासाठी मी शब्द टाकतो" असं म्हणणारा माणूस स्वतःची पत दुसऱ्याला वापरायला देत असतो. यात एक मोठी गोम आहे. काम चांगलं झालं तर ग्राहक काम करणाऱ्याचं नाव घेतो; बिघडलं तर शब्द टाकणाऱ्याचं. म्हणजे फायदा त्याचा आणि जोखीम माझी. लोक रेफरल देत नाहीत ते बहुतेक वेळा याच भीतीने, स्वभावाने चिकट असतात म्हणून नाही. ही भीती कमी करणारी व्यवस्था तुम्ही उभी केलीत की क्लब चालतो. ती नसेल तर बॅनर, बिल्ले आणि टाळ्या कितीही असोत, चार महिन्यांनी खुर्च्या रिकाम्या होतात.

मोठ्या संस्थेत जावं का? हा प्रकार तसा नवा नाही. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी यांना घेऊन रोटरी सुरू केली, तेव्हा तिथेही एका व्यवसायाचा एकच सभासद आणि एकमेकांना काम देणं हा हिशेब होता. सभासदांनी आपसात किती काम दिलं-घेतलं याची नोंदही सुरुवातीच्या काळात ठेवली जायची. सेवाकार्य हा तिचा मुख्य चेहरा नंतर झाला. आज ज्या पद्धतीने बहुतेक रेफरल क्लब चालतात, म्हणजे दर आठवड्याला बैठक, एका क्षेत्राला एकच जागा, दिलेल्या कामाची नोंद, ती पद्धत जगभर नेली बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) या संस्थेने. आयव्हन मिस्नर या व्यवसाय सल्लागाराने १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात ती सुरू केली, आणि कारण अगदी साधं होतं: त्याला स्वतःला काम हवं होतं.

अशा संस्थेत गेलात तर शिस्त आयती मिळते. नियम वरून आलेले असतात, त्यामुळे वाईटपणा तुमच्याकडे येत नाही. त्याची किंमत फीमध्ये मोजावी लागते, आणि साचा जसा आहे तसा स्वीकारावा लागतो. स्वतःचा क्लब काढलात तर खर्च कमी आणि मोकळीक भरपूर, पण उशिरा येणाऱ्याला टोकण्याचं काम तुमचं. हा वाईटपणा घ्यायची तयारी आहे का, एवढंच स्वतःला विचारा. नसेल तर सरळ चालू क्लबमध्ये जा, त्यात कमीपणा काही नाही. तयारी असेल तरी आधी दोन-तीन वेगवेगळ्या क्लबांत पाहुणा म्हणून बसून या. बहुतेक ठिकाणी एक-दोनदा येऊ देतात. तिथे भाषणं ऐकू नका. बैठक संपल्यावर कोण कोणाशी थांबून बोलतंय ते बघा.

आता माणसं निवडण्याबद्दल. यात चूक झाली तर पुढे काहीही करून ती निस्तरत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिल्या क्लबच्या वेळी मी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. महिन्याभरात बावीस जण जमले. काय उत्साह होता! दोन महिन्यांनी लक्षात आलं की त्यातले सात जण खोलीत बसलेल्या माणसांनाच माल विकायला आले होते. कोणाची पॉलिसी, कोणाचं आरोग्य-उत्पादन, कोणाची गुंतवणूक योजना. बावीस जणांना विकून झालं की त्यांचं गिऱ्हाईक संपलं आणि बाकीच्यांचा धीरही. लक्षात ठेवा, क्लबमधला माणूस हा तुमचा ग्राहक नव्हे. त्याच्या फोनमधल्या पाचशे नावांपैकी कोणाचं तरी काम तुमच्याकडे यायचं असतं.

मग निवडायचं कोणाला? कागद घ्या आणि तुमची शेवटची वीस कामं लिहून काढा. प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी लिहा: तुमच्याआधी या ग्राहकाकडे कोण पोचलं होतं, आणि तुमच्यानंतर कोणाची गरज पडली. तुमच्या धंद्यात उत्तरं साधारण अशी येतील: आधी घर मिळवून देणारा दलाल, कर्जाचं बघणारा, आर्किटेक्ट, बांधकामवाला. तुमच्याबरोबर इलेक्ट्रिशियन, प्लंबर, रंगारी, सुतार, काचकाम करणारा. नंतर पडदेवाला, एसीवाला, सामान हलवणारा, घराचा विमा करणारा. सगळ्यांचा ग्राहक एकच, फक्त प्रत्येकजण त्याच्या वाटेवर वेगळ्या ठिकाणी उभा आहे. यांच्यात स्पर्धा नाही आणि एकाला दुसऱ्याची गरज रोज दिसते. यातले सहाजण हा तुमच्या क्लबचा पाया. ही सहा माणसं मिळेपर्यंत पहिली बैठक बोलावू नका.

पाया भरल्यावर दुसऱ्या वाटेवरचे दोन-चार जण घ्या, म्हणजे ज्यांचा ग्राहक घर नसून धंदा असतो: हिशेबनीस, वकील, वेबसाइट करणारा, माझ्यासारखा छापणारा. का, ते सांगतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं की ज्याच्यामुळे मिळाली, तो माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटायचा. वारंवार म्हणणारे १०० मागे १७ च्या आसपास निघाले. अधूनमधून म्हणणारे ५६ आणि क्वचित म्हणणारे २८. कारण उघड आहे. जिवलग मित्र जे ऐकतो ते बहुतेक तुम्हीही ऐकलेलं असतं. नवी खबर येते ती ज्याचं वर्तुळ वेगळं आहे त्याच्याकडून. तेव्हा क्लब दोस्तांनी भरू नका. दोस्तांचा क्लब छान रंगतो, काम मात्र त्याच त्या चार घरांत फिरतं.

एका क्षेत्राला एकच माणूस हा नियम ठेवाच. पण क्षेत्र म्हणजे काय, हे प्रत्येकाच्या प्रवेशाच्या वेळी एका ओळीत लिहून घ्या. "इलेक्ट्रिकल" एवढंच लिहिलंत तर सहा महिन्यांनी सौरऊर्जावाला आला की भांडण ठरलेलं. आमच्याकडे "डिजिटल मार्केटिंग" आणि "वेबसाइट" यांच्या सीमेवरून दोन चांगली माणसं कायमची दुरावली. चूक त्यांची नव्हती, आम्ही ओळ लिहिली नव्हती.

संख्येचं म्हणाल तर आठ ते बारा, आणि पहिले सहा महिने तेवढेच. इथे गणित कामाला येतं. दहा माणसांत जोड्या होतात ४५, वीस माणसांत १९० आणि तिसात ४३५. रेफरल हे जोडीतून निघतं. एकमेकांचं काम कळण्यासाठी प्रत्येक जोडीने किमान एकदा तासभर निवांत बसायला हवं. वीस जणांच्या क्लबात प्रत्येकाला अशा १९ भेटी घ्याव्या लागतील. आठवड्याला एक म्हटलं तरी साडेचार महिने गेले. बावीस जणांनी सुरुवात करणं म्हणजे बावीस अनोळखी माणसांना एका खोलीत बसवून "टाका एकमेकांसाठी शब्द" म्हणणं. कोण टाकेल?

या भेटी शक्यतो ज्याच्या त्याच्या कामाच्या जागी करा. रोटरीला तिचं नावच त्यावरून मिळालं, सुरुवातीला सभासदांच्या कचेऱ्यांत पाळीपाळीने बैठक फिरायची. आमच्या क्लबात एक फर्निचर करणारे होते. बोलायला अगदीच मुखदुर्बळ, बैठकीत दोन वाक्यांत बसून घ्यायचे. दोन महिने कोणी त्यांना एक काम दिलं नाही. मग मी त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेलो. लाकडाची रास मापाप्रमाणे लावलेली, प्रत्येक तुकड्यावर कोणत्या ग्राहकाचा आणि कोणत्या खोलीचा हे खडूने लिहिलेलं, आणि परत आलेली एक खुर्ची कोपऱ्यात, तिच्यावर चिठ्ठी: "आपली चूक, फुकट दुरुस्ती". त्या चिठ्ठीनंतर मी त्यांच्यासाठी कुठेही डोळे मिटून शब्द टाकायला तयार झालो. तोंडी ओळखीने हे झालं नसतं.

आता बैठकीत काय मागायचं. नवा सभासद हमखास म्हणतो, "कोणालाही इंटिरियर करायचं असेल तर मला सांगा." "कोणालाही" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणीच येत नाही. त्याऐवजी ग्राहकाच्या तोंडचं वाक्य सांगा. तुमचा ग्राहक तुमच्याकडे येण्याच्या महिनाभर आधी घरी, ऑफिसात, नातेवाइकांत काय बोलत असतो? "मुलं मोठी झाली, आता एका खोलीत भागत नाही." "ताबा पुढच्या महिन्यात मिळतोय." "आईला पायऱ्या चढवत नाहीत, खालच्या खोलीत सोय करावी लागेल." हे वाक्य प्लंबरच्या कानावर पडलं की त्याला तुम्ही आठवायला हवं. मी स्वतः वर्षभर "छपाईचं कुठलंही काम" म्हणत होतो. मग एकदा म्हणालो, "जो म्हणेल की आम्ही जागा बदलतोय, त्याला माझं नाव सांगा. पत्ता बदलला की लेटरहेड, बिलबुक, पाकिटं, पाटी, सगळं नव्याने छापावं लागतं." त्या महिन्यात सामान हलवणाऱ्या सभासदाकडून दोन कामं आली. ती माहिती त्याच्याकडे आधीपासून होती, पण तिचा माझ्याशी काही संबंध आहे हे त्याला मी कधी सांगितलंच नव्हतं.

रेफरल कशाला म्हणायचं हेही पहिल्याच दिवशी ठरवा. "हा घे नंबर, फोन करून बघ" याला आम्ही खबर म्हणायचो. खबर द्यायला हरकत नाही, पण ती मोजायची नाही. देणाऱ्याने ग्राहकाशी आधी बोलून "मी अमुक यांना तुमचा नंबर देऊ का, त्यांचा फोन येईल" असं विचारलं आणि ग्राहक हो म्हणाला, तरच ते रेफरल. ग्राहकाला न विचारता नंबर वाटत सुटणं हे असभ्य तर आहेच, शिवाय अनेक देशांत वैयक्तिक माहितीच्या कायद्यातही ते अडचणीचं ठरू शकतं.

आणि आता ती वही. मथळ्यात म्हटली ती हीच.

दुसऱ्या क्लबच्या सुरुवातीला मी माझ्या जुन्या ग्राहकाकडे एका इलेक्ट्रिकल कंत्राटदारासाठी शब्द टाकला. ग्राहक माझा बारा वर्षांचा. कंत्राटदाराने बैठकीत सगळ्यांसमोर माझे आभार मानले, टाळ्या झाल्या. नऊ दिवसांनी ग्राहकाचा फोन आला, "तुमचा माणूस काही फोन करत नाही हो." मी खजील. कंत्राटदाराला विचारलं तर म्हणाला, गडबडीत राहून गेलं. त्याच्या दृष्टीने राहून गेलेला एक फोन. माझ्या दृष्टीने बारा वर्षांत पहिल्यांदा त्या ग्राहकाने माझ्याशी त्या सुरात बोलणं. त्याच आठवड्यात मी एक साधी वही आणली.

वहीत प्रत्येक रेफरलला एक ओळ. तारीख, कोणी दिलं, कोणाला दिलं, ग्राहकाच्या नावाची आद्याक्षरं, आणि मग तीन रकाने: ४८ तासांत फोन केला का, काय ठरलं, देणाऱ्याला कळवलं का. पुढच्या बैठकीत नवीन रेफरल द्यायच्या आधी जुन्या ओळी मोठ्याने वाचायच्या. रकाना रिकामा असेल तर ज्याला रेफरल मिळालं त्याने उभं राहून सांगायचं. बस्स. दंड नाही, शेरेबाजी नाही. पहिल्या दोन-तीन बैठकांत लोक ओशाळतात, नंतर बैठकीच्या आदल्या संध्याकाळी फोन करायला लागतात आणि पुढे त्याच दिवशी. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. काम मिळालं नाही तरी चालतं, पण "बोललो, त्यांना आत्ता नको आहे" एवढं देणाऱ्याला कळलं पाहिजे. नाहीतर तो पुढच्या वेळी गप्प बसतो, आणि का गप्प बसला ते कधी सांगत नाही.

वहीत रक्कम लिहावी का, यावर माझं मत बदललंय. आधी आम्ही लिहायचो, वर्षाअखेरी बेरीज वाचून दाखवायचो. बेरीज भारी दिसते. पण आर्किटेक्टचं एक काम आणि प्लंबरची पन्नास कामं एका स्तंभात आली की प्लंबर हळूहळू बोलायचा थांबतो. शिवाय आकडे फुगायला लागतात. आता फक्त "काम झालं" अशी खूण. तसंच, "महिन्याला किमान दोन रेफरल द्यायलाच हवीत" असा कोटा ठेवू नका. मला माहीत आहे, अनेक क्लब ठेवतात. माझा अनुभव असा की कोटा पुरा करायला माणसं ओढूनताणून नावं आणतात, घेणारा फोन करून तोंडघशी पडतो आणि खऱ्या रेफरलवरचाही विश्वास उडतो.

म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं काय, सगळे घ्यायलाच आले तर? वही सहा महिने नीट ठेवलीत की दिसेल, निव्वळ घेणारे फार थोडे असतात. न देणाऱ्यांत बहुतेकांना आपण काय देऊ शकतो हेच कळलेलं नसतं. त्यांच्याबरोबर बसून त्यांचे शेवटचे दहा ग्राहक आठवायला लावा, दोन-तीन नावं तिथेच निघतात. काही धंद्यांत मुळात ग्राहकाशी गप्पाच कमी होतात. यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्याला कोणाच्या घरी रंगकाम निघालंय हे कळणार कसं? त्याच्याकडून वर्षाला दोन मोठी रेफरल आली तरी ती पुरेशी धरा. आणि "मी त्याला तीन दिली, त्याने मला एकच" हा जमाखर्च कोणालाच करू देऊ नका. काम सरळ परत येत नाही, ते तिसऱ्याकडून फिरून येतं. इलेक्ट्रिशियनने माझ्याकडे पाठवलेल्या ग्राहकाला मी वकिलाकडे पाठवतो, वकील इलेक्ट्रिशियनला. वहीत हे चक्र बघायला मजा येते.

बैठकीचं वेळापत्रक फार गुंतागुंतीचं करू नका. नव्वद मिनिटं पुरतात. बारा जण असतील तर प्रत्येकी एक मिनिट ओळख आणि मागणी, मग वही, मग नवीन रेफरल, मग एकाने पंधरा मिनिटं स्वतःच्या कामाबद्दल सविस्तर बोलायचं, उरलेल्या वेळात गप्पा आणि पुढच्या भेटी ठरवणं. आठवड्याला जमत असेल तर उत्तम, पंधरवड्याला चालेल. महिन्याला एकदा मात्र नको. एक बैठक चुकली की माणूस दोन महिने गायब होतो आणि परत येताना त्याला पाहुण्यासारखं वाटतं. वार आणि वेळ कायम ठेवा. तीनच जण हजर असले तरी ठरल्या मिनिटाला सुरू करा. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबलात, की वेळेवर येणाऱ्याला शिक्षा झाली.

कमिशनचा विषय कोणीतरी काढेलच. "दिलेल्या कामावर पाच टक्के" वगैरे. स्पष्ट नाही म्हणा. ग्राहकाला कळलं की तुम्ही पैसे घेऊन नाव सुचवलंत, तर तुमचा शब्द तिथल्या तिथे संपला. शिवाय वकील, डॉक्टर, हिशेब तपासनीस अशा व्यवसायांना अशी देवघेव त्यांच्या आचारसंहितेने अनेक देशांत मनाई केलेली असते, म्हणजे तुमचे सगळ्यांत उपयोगी सभासद अडचणीत येतील. आणि दर ठरवण्याच्या गप्पा क्लबात होऊ देऊ नका. कोणी किती दर लावावा हा क्लबचा विषय नाही, आणि स्पर्धाविषयक कायद्यांना तो आवडत नाही.

फी किती, हा प्रश्न लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही. जागा, छापील कागद आणि थोडी शिल्लक, भागिले माणसं. मात्र सहा महिन्यांची आगाऊ घ्या, कारण दर बैठकीला पैसे मागितले की दर बैठकीला माणूस "आज जावं का" असा विचार करतो. खातं दोघांच्या सहीचं, शिल्लक दर महिन्याला वाचून दाखवायची. नोंदणी आणि कराचं तुमच्या भागातल्या नियमांप्रमाणे क्लबातल्या हिशेबनीसालाच विचारा. त्याच्यासाठी ते पहिलं काम.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त बैठकीची सूचना आणि तातडीची मागणी. शुभेच्छा आणि सुविचार सुरू झाले की माणसं ग्रुप म्यूट करतात, आणि मग तातडीची मागणीही कोणी वाचत नाही.

सगळ्यांत नकोसा भाग: माणसाला जा म्हणणं. यासाठी मी एक युक्ती वापरतो. सभासदत्व कायमचं द्यायचंच नाही. सहा महिन्यांचं द्यायचं, आणि मुदत संपली की दोन-तीन जणांच्या समितीने नव्याने विचारायचं. ज्याला विचारायचं नाही त्याला काढलं असं होत नाही, मुदत संपली एवढंच होतं. सलग तीन बैठका चुकल्या तर जागा मोकळी. ग्राहकाची तक्रार आली तर आधी देणारा आणि घेणारा आपसात बोलतील, आठवड्यात मिटलं नाही तर समिती. हे सगळं एका पानावर, पहिला सभासद घेण्याआधी लिहिलेलं असू द्या. नंतर लिहिलेला नियम नेहमी कोणाच्या तरी विरुद्धच वाटतो.

आणि तो स्वतःच्या माणसाला पहिल्यांदा लावा. पहिल्या क्लबात माझा एक जुना मित्र चार बैठका आला नाही. भिडेखातर मी काही बोललो नाही. कोणीच काही बोललं नाही, तेही भिडेखातरच. दोन महिन्यांत बाराची हजेरी सातावर आली. त्या मित्राला नंतर एकदा हे सांगितलं तर म्हणाला, "मला वाटलं तुला चालतंय." खरंच होतं, मी तसंच दाखवलं होतं.

क्लब जमला की वर्षभरात लोक म्हणतील, अजून माणसं घेऊ. त्या वेळी बेंजामिन फ्रँकलिनची गोष्ट आठवा, माणूस आमच्याच धंद्यातला, मुद्रक. १७२७ मध्ये फिलाडेल्फियात त्याने कारागीर आणि धडपड्या तरुणांचा एक गट काढला, दर शुक्रवारी संध्याकाळी भेटायचे. पुढच्या वर्षी त्याने भागीदारीत छापखाना घातला तेव्हा गटातले लोक त्याच्यासाठी काम शोधायला लागले. एकाने क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या इतिहासाचे चाळीस फर्मे, म्हणजे छपाईचे मोठे ताव, छापायचं काम मिळवून दिलं. पुढे सभासदांना आपापले मित्र आत आणायचे होते, पण बारा ही सोयीची संख्या ठरलेली. फ्रँकलिन वाढवायच्या विरुद्ध होता. त्याने सुचवलं की प्रत्येकाने आपला वेगळा गट काढावा. तसे पाच-सहा निघालेही. मी वीसच्या पुढे जायला ना म्हणत नाही, पण पंचविसाव्या माणसाला घेण्याऐवजी त्याला शेजारच्या भागात दुसरा क्लब काढायला मदत करा. दोन्ही क्लबांचे वकील एकमेकांना ओळखतील, आणि काम तरीही फिरेल.

अपेक्षा किती ठेवायची? पहिले तीन महिने जवळजवळ काहीच येणार नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात लहान कामं येतील, माणसं एकमेकांना चाचपून बघत असतात. मोठं काम सहसा तेव्हा येतं जेव्हा लहान काम नीट झाल्याची ओळ वहीत दिसते. नव्या सभासदाला घेताना हे सांगूनच घ्या. पुढच्या महिन्यात गल्ला भरायला हवा असेल त्याने येऊ नये, आणि तुम्हालाही तीच घाई असेल तर क्लब थोडा थांबवा.

वर्षभराने अध्यक्षपद सोडा. दुसऱ्याच्या हातात वही द्या आणि मागच्या खुर्चीवर बसा. तुम्ही नसताना बैठक ठरल्या मिनिटाला सुरू झाली, तर क्लब झाला असं समजा.

राहिलं नाव. ते शेवटी ठेवा, सहा माणसं जमल्यावर त्यांनाच विचारा. पहिल्या क्लबच्या वेळी मी उलटं केलं होतं. आधी नाव, मग बोधचिन्ह, मग लेटरहेड, पाकिटं आणि सभासदांसाठी पाचशे कार्डं, सगळं माझ्याच मशीनवर, छान जाड कागदावर. त्यातल्या लेटरहेडच्या पाठच्या बाजूवर मी अजून हिशेब करतो.